मोठ्या गाडीची शिकवणी

सकाळी पावणेआठला शाळेच्या रस्त्यावर मोठ्या गाड्यांची रांग लागायची. माणसाच्या डोक्याच्याही वर टप, कमरेला लागतील एवढी चाकं, आणि चारही चाकांना ताकद पोचवणारं इंजिन. डोंगर चढतील, ओढेनाले ओलांडतील अशा गाड्या, आणि त्यांतून उतरायचं कोण, तर एक पेंगुळलेलं पोर आणि त्याची पाण्याची बाटली. या रांगेच्या शेपटाला एक छोटी पिवळी गाडी अडकलेली असायची. टपावर 'शिकाऊ' असा बोर्ड, स्टिअरिंगवर कुणीतरी घामाघूम झालेलं, आणि शेजारच्या सीटवर, पायाखाली जादा ब्रेक घेऊन बसलेले मास्तर.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. त्यांचं खरं नाव लायसन्सवर तेवढं उरलं होतं. बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना "आमचे मास्तर" म्हणायची. सव्वीस वर्षं त्यांनी त्या शहराला गाडी शिकवली. हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टरीण त्यांची शिष्या, बँकेचा मॅनेजर त्यांचा शिष्य. एक निवृत्त न्यायाधीश तर भर चौकात गाडी बंद पडली म्हणून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडले होते. ही गोष्ट मास्तरांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. म्हणजे बायकोला आणि ऑफिसातल्या तिघांना सोडून.

ही सगळी शिष्यमंडळी आता मोठ्या गाड्यांतून फिरायची. नवरा पुढे, बायको शेजारी, मागे मुलं, त्यांच्याही मागे कुत्रा. ओळख ठेवून होती बिचारी. मास्तर दिसले की काच खाली करून हात करायची. पण हात करायची तो वरून. मास्तरांना मान वर करून हसावं लागे, आणि तेवढ्यानं दिवसभर मानेत लचक भरल्यासारखं वाटायचं.

"हत्ती पाळायचा आणि त्याच्याकडून भाजी आणवायची," ते ऑफिसात म्हणायचे. "बरं, लावता तरी याव्यात. दोन गाड्यांची जागा खातात आणि तरी तिरक्या त्या तिरक्याच."

ऑफिसातले हसायचे. त्यांना वाटायचं, मास्तर गंमत करतायत. मास्तरांच्या मात्र खरोखरच पोटात दुखायचं, कारण त्या गाड्यांची कुवत काय असते हे त्यांच्याइतकं त्या रांगेत कुणालाच ठाऊक नव्हतं.

एकविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत त्यांनी डोंगरात जीप चालवली होती. धरणाच्या जागेची पाहणी करणारं पथक होतं, त्याचे ते ड्रायव्हर. रस्ता असा नव्हताच. दगडांवरून, ओढ्यांतून, कमरेएवढ्या गवतातून जायचं. एका बाजूला दरी, मागे तीन इंजिनिअर डोळे मिटून बसलेले, आणि जीप मुंगीच्या पावलानं चढतेय. त्या सात वर्षांत आपण कुणाचे नोकर आहोत असं त्यांना एकदाही वाटलं नाही. मग लग्न ठरलं. मुलीकडच्यांनी शहरातल्या नोकरीचा आग्रह धरला, धरणाचं कामही संपत आलं होतं. जीप लिलावात गेली आणि मास्तर शहरात येऊन लोकांना पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात न्यायला लागले. स्वतःची गाडी काही झाली नाही. आधी मुलीचं शिक्षण, मग तिचं लग्न, मग राहती जागा. संध्याकाळी पिवळ्या गाडीची किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला अडकवायची आणि बसनं घरी यायचं. बसमध्येही त्यांचा उजवा पाय स्वस्थ नसे. समोर काही आडवं आलं की पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा.

"बस तुमच्यामुळेच थांबते हो," बायको म्हणायची.

चणे आहेत तर दात नाहीत, दात आहेत तर चणे नाहीत, असं म्हणतात. मास्तरांना वाटायचं, दात तेवढे सगळे माझ्या तोंडात दिलेत आणि चणे सगळे या लोकांच्या खिशात.

आणि अशातच साडूनं गाडी घेतली.

परक्यांचं एक वेळ परवडतं. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, मास्तरांपेक्षा अकरा वर्षांनी लहान. त्याचं फरशांचं दुकान होतं. एके काळी सायकलच्या मागे नमुन्यांची पेटी बांधून हिंडणारा माणूस. आता शहरातल्या निम्म्या न्हाणीघरांत त्याची फरशी होती. तो माणूस वाईट असता तर मास्तरांचं काम सोपं झालं असतं. पण तो होता लाघवी, मदतीला धावणारा, मास्तरांच्या मुलीच्या लग्नात तीन दिवस चप्पल न काढता राबलेला. अशा माणसाचा हेवा करायचा म्हणजे चोरून करावा लागतो.

रविवारी सकाळी गडद हिरव्या रंगाची ती गाडी बिल्डिंगखाली येऊन उभी राहिली तेव्हा तिसऱ्या मजल्यापर्यंत तिची घरघर ऐकू आली.

"मास्तर, तुम्ही बघून सांगा," साडू म्हणाला. "फसलो तर नाही ना?"

मास्तरांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. टायरला बुटाचं टोक लावून बघितलं. गुडघे टेकून खाली वाकले. पुढच्या चाकांकडे जाणारा तो जाड दांडा, ते जोड, सगळं ओळखीचं होतं, फक्त नवंकोरं. 

"तेल पिईल," उठून हात झटकत ते म्हणाले.

"पिऊ दे."

"तुमच्या गल्लीत वळणार नाही."

"हां, ते खरं."

"बरं, चारही चाकांवर चालणारी घेतलीत, ती नेणार कुठे आहात?"

साडूनं प्रामाणिकपणे विचार केला. "दुकानात," तो म्हणाला. "आणि मुलांना शाळेत सोडायला."

आत गिअरच्या दांड्यामागे एक गोल बटण होतं. ते फिरवलं की चारही चाकं जोडली जायची. त्याच्यावरचं कारखान्यातलं पातळ प्लास्टिक अजून कुणी काढलेलं नव्हतं. मास्तरांनी त्यावरून नुसता अंगठा फिरवला आणि हात काढून घेतला.

दुपारी जेवताना बायको म्हणाली, "किती उंच आहे हो सीट. लोकांच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडचं सगळं दिसतं."

"लोकांच्या घरात डोकवायला गाडी कशाला हवी," मास्तर म्हणाले आणि पुढचे दोन घास तसेच गिळले.

आठवड्यानं धाकटीचा फोन आला. "भाऊजी, मला शिकवा ना. हे सकाळपासून दुकानात. मुलांना सोडायला-आणायला मलाच जावं लागतं, आणि गाडी नुसती दारात उभी. मी कच्चं लायसन्स काढलंय. पण तुमच्या पिवळ्या गाडीवर नको. आमच्याच गाडीवर शिकवा. उद्या तीच चालवायचीय मला."

मास्तरांनी आढेवेढे घेतले. त्या गाडीत माझ्या पायाखाली ब्रेक नाही, जबाबदारी मोठी आहे, मला सवड नाही. हे बोलत असतानाच सकाळी सहा ते सव्वासातची वेळ त्यांनी मनाशी कधीच मुक्रर करून टाकली होती.

दुसऱ्या दिवसापासून ते इस्त्रीचा शर्ट घालून निघायला लागले. बायकोनं शर्टाकडे बघितलं.

धाकटी शिकायला चलाख निघाली. तिचे हात शांत होते. चूक झाली की ती गडबडायची नाही, ओठ मुडपून तेच पुन्हा करायची. पहिले चार दिवस गाडी बंद पडली, पाचव्या दिवशी नाही. दहाव्या दिवशी ती बाजाराच्या रस्त्यानं गेली. बाराव्या दिवशी मास्तरांनी तिला तिच्या बिल्डिंगच्या तळघरात नेलं आणि दोन खांबांच्या मधे उलटी गाडी लावायला सांगितली. मोठमोठे गडी तिथे घाम गाळतात. धाकटीनं एकदा उजव्या आरशात पाहिलं, एकदा डाव्या, आणि गाडी अशी आत घातली की दोन्हीकडे सारखी वीतभर जागा राहिली.

तिनं इंजिन बंद करून मास्तरांकडे बघितलं. आपल्या तोंडून शाबासकी निघायला हवी, हे मास्तरांना कळत होतं. सव्वीस वर्षांत असा हात त्यांनी चार-पाचदाच पाहिला होता. पण त्याच वेळी दुसरं एक गणित त्यांच्या डोक्यात चमकलं: ही शिकली, म्हणजे शिकवणी संपली. उद्यापासून पुन्हा पिवळी गाडी, आणि वर बघून हसायचं.

"नशिबानं बसली," ते म्हणाले. "रोज रोज नशीब साथ देत नाही."

धाकटीचा चेहरा उतरला. "हो ना," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी साडूचा फोन आला. "कशी काय चालवते आमची?"

"हात बरा आहे," मास्तर म्हणाले. "पण नजर तयार नाही. मोठ्या गाडीला नजर लागते. कोपरा कुठे संपतो ते दिसत नाही तिला. एवढ्यात एकटीच्या हातात देऊ नका."

"तुम्ही म्हणाल तसं, मास्तर. तुमच्याएवढं आम्हाला काय कळतंय."

फोन ठेवताना मास्तरांना जरासं चोरट्यासारखं झालं. पण सकाळी सहाला ती गाडी सुरू झाली आणि तो आवाज पोटात घुमला, तेव्हा ते सगळं विसरले.

मग रोज शेवटची वीस मिनिटं ते स्वतः चालवायला बसू लागले. "बघून शीक," म्हणायचे. शहराबाहेर दगडाची एक बंद पडलेली खाण होती. तिथं मोठमोठे दगड, खड्डे आणि खाणीत उतरणारी एक खडी वाट होती. एक दिवस त्यांनी गाडी तिथं नेली, बटणावरचं प्लास्टिक नखानं सोलून काढलं, खिडकीतून फेकायला जीव होईना म्हणून खिशात घातलं, आणि बटण फिरवलं. गाडी वाटेला लागली. पुढचं चाक दगडावर चढलं, मागचं खड्ड्यात उतरलं, गाडी एका कुशीवर कलली आणि तरीही हळूहळू, न कुरकुरता वर येत राहिली. वर आल्यावर मास्तरांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात तसेच ठेवले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते धाकटीला दिसू नयेत म्हणून ते बराच वेळ उजव्या खिडकीबाहेर बघत राहिले.

"भाऊजी, मी एकदा करून बघू?" धाकटीनं विचारलं.

"छे. हे तुझ्या हातचं नाही."

तिनं आणखी दोनदा विचारलं, वेगवेगळ्या दिवशी. दोन्ही वेळा त्यांनी तेच उत्तर दिलं. नंतर तिनं विचारणं सोडलं.

घरी मास्तर गाडीसोबत आलेलं जाड माहितीपुस्तक घेऊन यायचे. साडूनं त्याची घडीही मोडली नव्हती. चहा पिताना ते पानं उलटत आणि मधूनच म्हणत, "हे बघ, अडीच फूट पाण्यातून जाते. आणि हा शहाणा तिला धुवायला दुसऱ्याकडे नेतो." बायको भाजी निवडत ऐकायची. तिनं स्वतः गेल्या पंचवीस वर्षांत तीनदा "मलाही शिकवा" म्हटलं होतं. तिन्ही वेळा मास्तर म्हणाले होते, "शिकून काय करणार, घरात गाडी कुठे आहे?" आणि ते खरंच होतं, म्हणून तीही गप्प बसली होती.

पंधरा दिवसांची शिकवणी अशी दोन महिन्यांवर गेली. धाकटी आता खरंच बिचकायला लागली होती. मास्तर शेजारी बसून सतत टोकायचे. जरा डावीकडे, अगं किती डावीकडे, आरसा बघ, आरशात काय बघत बसलीस, समोर बघ. चांगलं चालणाऱ्या माणसाला पाऊल मोजायला लावलं की तो ठेचकाळतो, तसं तिचं झालं.

एका रविवारी दोघी बहिणींना उपनगरातल्या त्यांच्या मावशीकडे जायचं होतं. धाकटी चालवायला, मास्तर शेजारी, बायको मागे. जाताना तासभर आणि येताना तासभर मास्तरांच्या तोंडाचा पट्टा चालू होता. एका ठिकाणी समोरून मालट्रक आला, धाकटीनं गाडी कडेला घेऊन त्याला वाट दिली, आणि मास्तर म्हणाले, "आज मी होतो म्हणून वाचलो." धाकटीनं नजर रस्त्यावरून हलवली नाही. तिचे कान लाल झाले होते.

घरी आल्यावर बायकोनं पर्स खुंटीला लावली आणि खुर्चीवर बसली. "तिला गाडी येते," ती म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"गाडीतलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं. बसमध्ये बसलात की तुमचा पाय सारखा खाली दाबला जातो. सिनेमा बघतानासुद्धा दाबता. आज दोन तास मी मागून बघत होते. तोंड चालू होतं, पण पाय एकदाही हलला नाही. तो ट्रक आला तेव्हासुद्धा पायावर पाय टाकून बसला होतात."

मास्तरांनी पायाकडे बघितलं, जणू तो दुसऱ्याचा होता.

"पायाला खोटं बोलता येत नाही हो," बायको म्हणाली. "का करताय असं? तिनं काय घोडं मारलंय तुमचं?"

मास्तरांनी तो पाय खुर्चीखाली ओढून घेतला. मग म्हणाले, "एकदा ती सुटी झाली की मला गाडी कोण देणार?"

बायकोला राग यायला हवा होता, पण आधी कीव आली, आणि मग कीव आली म्हणून जास्तच राग आला. "उद्या जाऊन सांगा," ती म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

"सांगतो. आठवडाभर थांब. पद्धतशीर सांगतो."

आठवडा काही मिळाला नाही. चौथ्या दिवशी साडूच घरी आला. हातात फळांची पिशवी. "मास्तर, तुम्हाला किती त्रास द्यायचा, याला काही सीमा आहे का," तो म्हणाला. "दोन महिने तुम्ही झोपमोड केलीत. शेवटी तीच म्हणाली, माझ्यानं होणार नाही, सोडून द्या. म्हटलं, तुमच्यासारख्या माणसाला दोन महिन्यांत जमलं नाही म्हणजे ते जमण्यातलं नसेलच. ड्रायव्हर ठेवला. तुमचाच विद्यार्थी आहे. तुमचं नाव सांगितलं, म्हणून तर डोळे झाकून ठेवला."

तेलही गेलं, तूपही गेलं. मास्तर "बरं केलंत" म्हणाले. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. आता सांगतील, मग सांगतील. साडू चहा पिऊन, दोन विनोद करून, चपला घालून गेला तरी मास्तरांच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या दिवसापासून बायकोनं त्यांच्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं.

नवा ड्रायव्हर गेल्या वर्षीच मास्तरांच्या हाताखाली शिकला होता. क्लचवर पाय ठेवून चालवायची त्याची खोड काही केल्या गेली नव्हती. तो आता त्या गाडीत बसणार, या विचारानं मास्तरांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. साडूचा हेवा निदान मालकाचा हेवा होता. हा तर आपल्यासारखाच पगारी माणूस, आणि त्याच्या हातात ती गाडी.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या रांगेत त्यांची पिवळी गाडी आणि ती हिरवी गाडी शेजारी शेजारी अडकल्या. पुढे ड्रायव्हर एका हातानं स्टिअरिंग धरून बसला होता. मागे जुळी मुलं, आणि त्यांच्या शेजारी धाकटी. काच अर्धी खाली होती. मास्तरांनी मान वर केली. धाकटीचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती ड्रायव्हरच्या हाताकडे बघत होती. रांग हलली, ड्रायव्हरनं खरकन् गिअर टाकला, आणि त्याच्या क्षणभर आधी धाकटीचा मांडीवरचा हात हलला. पहिला, मग जरा थांबून दुसरा. अगदी जिथं टाकायला हवा होता तिथं.

"मास्तर, मागचे हॉर्न मारतायत," स्टिअरिंगवरची विद्यार्थिनी म्हणाली. "जाऊ का?"

"जा," मास्तर म्हणाले. आणि तो सबंध तास ते तिला काही शिकवू शकले नाहीत.

दुपारच्या सुट्टीत ते सरळ साडूच्या घरी गेले. साडू जेवायला आला होता. धाकटी वाढत होती. मास्तर बसले नाहीत.

"हिला गाडी येते," ते म्हणाले.

साडूनं घास हातात धरला. "म्हणजे?"

"बाराव्या दिवशीच आली होती. माझ्यापेक्षा सफाईनं उलटी लावते. नजर चांगली आहे. सगळं चांगलं आहे. मी खोटं बोललो."

"पण का?"

हे सांगणं जिवावर आलं होतं. मास्तरांनी भिंतीकडे बघून सांगितलं. "शिकवणी संपली असती तर गाडी चालवायला मिळाली नसती. म्हणून."

साडू त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं डाव्या हातानं शेल्फाकडे बोट दाखवलं. तिथं एका वाटीत किल्ल्या पडल्या होत्या. "अहो, मग मागायची ना," तो म्हणाला. "किल्ली कायम तिथं असते. कधीही न्यायची. मी नाही म्हटलं असतं का?"

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, आपल्या घरच्या माणसाला मागायचा संकोच वाटला याचं. मास्तरांना वाटलं, यानं उठून दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. किल्ली दोन महिने त्या वाटीत होती. मागायला एक शब्द लागला असता, आणि तो एक शब्द आपण मेलो तरी काढला नसता, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं.

धाकटीनं भांडं खाली ठेवलं. "मी डोळे तपासून आले, भाऊजी," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही नजर, नजर म्हणायचात ना. कुणाला न सांगता गेले. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. तेव्हा मला वाटलं, मग डोक्यातच काहीतरी कमी असणार. मुलांना हात धरून रस्ता ओलांडतानाही भीती वाटायला लागली होती मला."

 मास्तर अजून उभेच होते.

"तुम्ही जा आता," ती म्हणाली.

दोन आठवड्यांनी धाकटीनं परीक्षा दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाली. ड्रायव्हरला साडूनं दुकानाच्या टेम्पोवर पाठवलं. रांगेत आता हिरवी गाडी ती स्वतः घेऊन यायची. मास्तर दिसले तरी काच खाली व्हायची नाही. साडू मात्र पूर्वीसारखाच बोलायचा, उलट दर रविवारी "गाडी न्या, किल्ली पाठवू का" म्हणून फोन करायचा. मास्तर दर वेळी म्हणायचे, आज काम आहे. कबुली दिल्यानं मन हलकं होतं म्हणतात. मास्तरांचं अर्धंच झालं. लाज कमी झाली, हेवा होता तिथंच राहिला.

मग बायको सकाळी लवकर बाहेर पडायला लागली. चालायला जाते म्हणाली. गुडघ्यासाठी चांगलं असतं. मास्तरांना बरं वाटलं, कारण परतली की ती खुशीत असायची आणि चार शब्द जास्त बोलायची.

एक दिवस सकाळी सातच्या सुमारास मास्तर एका विद्यार्थ्याला तलावाच्या रस्त्यानं नेत होते. समोरून हिरवी गाडी आली. पुढच्या काचेवर चिकटपट्टीनं एक कागद लावलेला होता, त्यावर जाड पेनानं लिहिलं होतं, 'शिकाऊ'. शेजारच्या सीटवर धाकटी होती, हाताची घडी घालून. आणि स्टिअरिंगवर, पाठ ताठ ठेवून, मास्तरांची बायको.

तिनं त्यांना पाहिलं. मान किंचित हलवली आणि नजर पुन्हा रस्त्यावर नेली, जशी न्यायला हवी तशी.

संध्याकाळी मास्तर किल्ली खिळ्याला लावून बसनं घरी आले तेव्हा ती कपड्यांच्या घड्या करत होती.

"कधीपासून चाललंय?"

"तीन आठवडे झाले."

"मला सांगितलं असतंस तर मी नसतं का शिकवलं?"

बायकोनं टॉवेलची घडी पुरी केली. "तीनदा सांगितलं होतं," ती म्हणाली. "धाकटी छान शिकवते. गाडी बंद पडली तरी काही बोलत नाही. नुसती वाट बघते."

मास्तर खुर्चीत बसले. विचारू नये असं वाटत होतं, पण राहवलं नाही. "खाणीत नेलं होतं का तिनं?"

"काल नेलं."

"बटण?"

"मीच फिरवलं. वाटेनं खाली उतरलो आणि वर आलो. मधे एकदा घसरली, मग धरली मी."

"कशी धरलीस?"

"ब्रेक नाही दाबला. तसंच जाऊ दिलं हळूहळू. आपोआप पकडते ती."

पन्नास वर्षांची बाई, जिनं आयुष्यात कधी स्कूटरही चालवली नव्हती, ती त्यांच्या घरात बसून त्यांना सांगत होती की ती गाडी कशी पकडते. आणि बरोबर सांगत होती. मास्तरांचं अंग अंग जळलं. त्यांना तिचा एवढा हेवा वाटला, की साडूचासुद्धा कधी वाटला नव्हता. तिच्याकडे बघवेना, म्हणून ते उठून चहा टाकायला गेले. दूध उतू जाईपर्यंत तिथंच उभे राहिले.

"वर येताना मजा येते, नाही?" आतून त्यांनी विचारलं.

"फार," बायको म्हणाली. आणि किती तरी दिवसांनी ती त्यांच्याशी अर्धा तास बोलत बसली, सगळी त्या खाणीतल्या वाटेबद्दलच. कुठे दगड आहे, कुठे चाक लटकतं. मास्तरांना तिथला दगड न् दगड पाठ होता. मधे मधे ते सांगायचे, तिथं थोडं उजवीकडून घे. ती म्हणायची, बघते.

बायकोला पक्कं लायसन्स मिळालं त्या रविवारी दोघी बहिणी पुन्हा मावशीकडे निघाल्या. गाडी खाली आली. बायकोनं मास्तरांना विचारलं, "येताय?" ते नको म्हणणार होते, पण तोवर पायात चपला गेल्या होत्या.

खाली धाकटी शेजारच्या सीटवर बसली होती. स्टिअरिंगवर बायको जाऊन बसली, सीट पुढे ओढून घेतली, आरसा नीट केला. मास्तरांसाठी मागे जुळ्यांच्या मधली जागा होती. ते चढले. दोन्ही बाजूंनी पोरांची कोपरं लागत होती. पुढच्या दोन सीटांच्या फटीतून त्यांना बायकोचे हात दिसत होते, शांत, योग्य जागी ठेवलेले. त्यांनी ते हात बघितले आणि पोटात पुन्हा ती जुनी कळ आली. या वेळी त्यांनी ती येऊ दिली. कुठे जाणार होती ती तरी.

चार महिन्यांत धाकटी त्यांच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. आताही तिनं मागे वळून बघितलं नाही. समोरच्या काट्यांवर एक लाल दिवा लागला होता, तो तिनं वाकून वाचला.

"भाऊजी," ती म्हणाली, "मागचं दार नीट लागलेलं नाही."

मास्तरांनी पोरावरून हात लांब करून दार उघडलं आणि जोरात लावून घेतलं. दिवा विझला. बायकोनं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.